चुलीवर न शिजलेलं

माझं पत्रक परत आलं तेव्हा त्याच्या पहिल्याच पानावर लाल पेन्सिलीनं एक ओळ लिहिलेली होती : ‘ही माणसं जिवंत कशी?’

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. शहराला तेव्हा आम्ही मद्रासच म्हणायचो. मी तेवीस वर्षांची होते, संख्याशास्त्राची पदवी घेतली होती आणि घरोघरी जाऊन लोक काय खातात-पितात याची पाहणी करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात लागले होते. नेमणूक तात्पुरती. दर सहा महिन्यांनी तिचा कागद नव्यानं निघायचा आणि निघेपर्यंत जिवात जीव नसायचा. आम्ही आणलेल्या आकड्यांवरून पुढे दिल्लीत कुणीतरी ठरवायचं की देशात गरीब किती, त्यातले शहरात किती आणि खेड्यात किती. एवढं मोठं काम आपल्या पायांवर चालतं याचा मला तेव्हा फार अभिमान होता. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. आजोबा मद्रासला आले आणि मैलापूरला स्थिरावले. वडील शाळेत गणित शिकवायचे. आमच्या घरातली मराठी ऐकून पुण्याहून आलेले पाहुणे आधी गोंधळायचे आणि मग हसायचे; आज ज्या मराठीत लिहिते आहे ती मी पुढे मासिकं वाचून वाचून कमावली. आईला माझी नोकरी मुळीच पसंत नव्हती. “कालव्याकाठच्या झोपड्यांत जाऊन लोकांस काय जेवलात म्हणून विचारायचं, हे काय काम? बँकेत जा की,” ती रोज म्हणायची. वडील काही बोलायचे नाहीत, पण माझ्या पत्रकांवरच्या बेरजा तपासून द्यायचे. त्यांना तेवढाच आनंद.

परत आलेलं ते पत्रक बकिंगहॅम कालव्याच्या काठावरच्या एका झोपडीचं होतं. घरात चौघं : पस्तिशीची बाई, तिचा नवरा आणि दोन मुली, एक दहा वर्षांची, एक चारची. बाई चार घरची धुणीभांडी करायची. तिला मी पहिल्या दिवशी अक्का म्हटलं आणि पुढे ते तसंच राहिलं. नवरा पूर्वी ताडाच्या झाडांवर चढायचा. झाडावरून पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आता काठी टेकत चालायचा.

मी दुपारी तिच्या दारात बसून नियमाप्रमाणे एकेक गोष्ट विचारली होती. गेल्या तीस दिवसांत तांदूळ किती शिजवला? डाळ किती? तेल, चिंच, मीठ, मिरची? तिनं मापाचा डबा आणून दाखवला. तांदूळ ती त्यानंच मोजायची. दुधाच्या पावडरचा जुना डबा, कडा चेपलेल्या. मी तो तांदळानं भरून माझ्या तराजूवर तोलला, कारण दर घरची ‘पडी’, म्हणजे धान्याचं माप, वेगळी असते हे मी पहिल्याच महिन्यात शिकले होते. मग विचारलं, “बाहेर जेवता का कधी?” ती पदर तोंडावर धरून हसली. “बाहेर? हॉटेलात? आम्ही?” मी त्या रकान्यात शून्य लिहिलं.

सुपरवायझर पन्नाशीचे होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता कागदाकडे बघायची सवय. त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं.

“माणशी दिवसाला दोन मुठी तांदूळ होतो. एवढ्यावर मांजरही जगत नाही. तुम्ही गेला होतात का तिथं?”

“गेले होते, सर.”

“की चहाच्या दुकानात बसून भरलंत? माझ्या वीस वर्षांत मी पुष्कळ बघितलेत असे.”

आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे ऐकत होते. माझे कान तापले, पण आवाज फुटला तो चांगला मोठा फुटला. “सर, तुम्ही उद्या माझ्याबरोबर चला. तांदूळ तुमच्यासमोर तोलते. आकडा चुकला तर माझा कागद पुढे काढू नका.”

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “सकाळी आठ वाजता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठला आम्ही कालव्यावर पोचलो तेव्हा अक्का कामावर निघालीच होती. मी तिला थांबवलं आणि हे आमचे साहेब, असं सांगितलं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला होता, तो तिनं पाहिला.

“डबा आण बघू,” ते म्हणाले. तिनं आणला. मी तोलला. माझा आकडा बरोबर होता. मग त्यांनीच विचारलं, “मग तुम्ही जगता कशावर?”

“जेवतो की.”

“काय जेवता? या कागदात तर जेवण दिसत नाही.”

अक्कानं माझ्याकडे बोट केलं. “जेवलात काय असं हिनं विचारलंच नाही. शिजवलं काय ते विचारलं. माझी चूल रात्रीच पेटते. सकाळी मी पहिल्या घरी दोन इडल्या खाते. दुपारी तिसऱ्या घरी भात मिळतो, कालचा असतो, पण मिळतो. हा”, तिनं नवऱ्याकडे हात केला, “देवळाशी जाऊन बसतो, पूजा झाली की दहीभाताचा द्रोण मिळतो. मोठीला शाळेत जेवण आहे. ती अर्धं खाते, अर्धं ताटलीत झाकून धाकटीला आणते. आता लिहा.”

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. बाहेर जेवता का, असं मी विचारलं होतं आणि त्याचा अर्थ तिच्या लेखी हॉटेल एवढाच होता. पत्रक मी घरी बसून भरलं नव्हतं. पण प्रश्न मात्र माझ्या घरच्या ओसरीवर बसून विचारावा तसा विचारला होता. सुपरवायझरांचा संशय चुकीचा होता आणि तरीही पत्रक चुकलेलंच होतं.

तिथंच बसून मी शून्य खोडलं. चौघांची जेवणं वेगवेगळी विचारली, काल सकाळपासून सुरुवात करून एकेक दिवस मागे नेत. तास दीड तास लागला. अक्काला पहिल्या घरी जायला उशीर झाला, तर साहेब स्वतः म्हणाले, “मी येऊन सांगतो त्यांना.” आणि खरंच गेले.

परतताना बसस्टॉपवर ते म्हणाले, “तुम्ही मोजलंत ते छान. पण एक लक्षात घ्या. तिच्या इडल्या तिच्या खात्यात येत नाहीत. ज्या घरात शिजल्या त्या घरात धरायच्या. इथं नुसतं लिहायचं, इतक्या वेळा बाहेर जेवली. नियम तसा आहे.”

“म्हणजे तिनं खाल्लं तरी मालकिणीनं खाल्लं?”

“कागदावर, हो.”

“मग मालकीण आहे त्याहून जास्त खाते आणि ही आहे त्याहून जास्त उपाशी राहते.”

“बस आली,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर आमच्या मोरीपाशी आमची मोलकरीण भांडी घासत होती. ती माझ्या शाळेच्या दिवसांपासून आमच्याकडे होती. मी आईला विचारलं, “हिला आपण काय देतो खायला?”

“काय म्हणजे? असेल ते देतो. उपाशी पाठवतो काय?”

“काल काय दिलं?”

आई विचारात पडली. “परवाचं सांबार होतं. भात सकाळचा.”

“आपण जेवलो तो?”

“आपण ताजा लावला.” आणि मग एकदम तिचा आवाज चढला. “मज काय विचारतेस असं? साऱ्या गल्लीत असंच देतात. तुझं ऑफिस आता माझी चूल तपासणार काय?”

वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, पण मध्ये पडले नाहीत. मी तिच्याशी वाद घातला नाही. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. पाहणीत आमचं घर लागलं असतं तर ते आंबायला लागलेलं सांबार आमच्याच पानांत वाढलं गेलं असतं, वजनात एका कणाचा फरक न पडता. तराजूला ताजं आणि शिळं कळत नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मोलकरणीला आमच्याबरोबर लावलेला भात वाढला आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं भांडं आपटलं.

अक्काकडे मी त्यानंतर कामाशिवायही जाऊ लागले. एकदा मी तिला विचारलं की गाव का सोडलं. आमच्या पत्रकात ‘का’ असा रकाना नव्हता. ती म्हणाली, गाव कुणी सोडलं? नवरा पडला तेव्हा त्याला बैलगाडीत घालून गुम्मिडिपूंडी स्टेशनला आणलं, तिथून रेल्वेनं मद्रासच्या मोठ्या इस्पितळात. तीन महिने तो खाटेवर. तिला इस्पितळाच्या व्हरांड्यात झोपायला मिळायचं, पण पोटाला कोण देणार? शेजारच्या गल्लीत एका घरी तिनं भांडी घासायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी नवरा उठला तो झाडावर चढण्याच्या कामाचा राहिला नव्हता आणि तिच्याकडे तोवर तीन घरं झाली होती. “गावाला जायचं राहूनच गेलं,” ती म्हणाली. अगदी बाजाराला जायचं राहिलं म्हणावं तशी.

“बरं झालं की वाईट?”

“माझ्या थोरल्या बहिणीला विचार. ती म्हणते मी भिकारी झाले. तू चल रविवारी, तूच ठरव. तुला मोजायला येतं ना?”

तिच्या बहिणीचं गाव आमच्या यादीत नव्हतं, तिथं मी सरकारी कामानं जाऊ शकत नव्हते. पण रविवार माझा होता. पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, नुकताच झाला होता. आम्ही दोघी आणि तिच्या दोन्ही मुली सेंट्रलहून गाडीत बसलो, गुम्मिडिपूंडीला उतरलो. वाटेत नव्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, पलीकडे कापणी झालेली शेतं. बस मिळाली नाही म्हणून खाडीच्या बाजूला तास-दीड तास चाललो.

थोरलीचं घर मातीचं, वर ताडाची पानं. दारात शेवग्याचं झाड, मागे कोंबड्या. जमीन नव्हती, दुसऱ्यांच्या शेतात लावणी आणि कापणी. आम्ही पोचलो तेव्हा तिनं नवा भात लावला होता, शेवग्याच्या पाल्याची भाजी केली होती, आणि नवऱ्यानं सकाळी खाडीतून आणलेल्या खेकड्यांचं कालवण रटरटत होतं. त्या दिवशी मी जेवले तशी त्याआधी कितीतरी दिवस जेवले नव्हते. सवयीनं मनात मोजतही होते. तांदूळ मजुरीत मिळालेला, पाला दारातला, खेकडे खाडीतले, सरपण रानातलं. यातलं दुकानातून आलेलं फक्त मीठ आणि मिरची.

जेवणं झाल्यावर थोरलीनं मला सुनावलं, “ही मद्रासची. हिला विचारा, दारात एक तरी झाड आहे का? पाण्याला रांग, संडासाला रांग. दुसऱ्यांचं उष्टं खाते. माझ्या बापाच्या घरात कुणी उष्टं खाल्लं नव्हतं.”

“उष्टं नाही, शिळं,” अक्का म्हणाली.

“काय फरक आहे?”

“फरक आहे. आणि तुझं बोल की. हे तै महिन्यातलं जेवण दाखवतेस या पोरीला? ऐप्पसीत काय खातेस ते सांग ना.”

तै म्हणजे पोंगलचा, सुगीचा महिना; ऐप्पसी म्हणजे आपला आश्विन-कार्तिक. तिकडे तेव्हा पावसाळा. शेतात पाणी, काम बंद, खाडी खवळलेली. थोरली म्हणाली, “नाचणीची आंबील. एकदाच.”

“आणि मधला मुलगा?”

मला वाटलं, अक्कानं हे विचारायला नको होतं. थोरलीनं ओल्या हातानं भांडी गोळा केली. मग माझ्याकडे न बघता सांगितलं : तीन वर्षांचा होता. हगवण लागली. बस दिवसातून दोनदा; सकाळची निघून गेली होती. संध्याकाळच्या बसपर्यंत राहिला नाही.

अक्का उठून तिच्यापाशी गेली. “इथं असता तर हाही गेला असता,” ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे तिचा नवरा. “मी इस्पितळाजवळ आहे म्हणून तो आहे. मोठी चौथीत आहे. तुझी मुलगी?”

“तिसरीनंतर बसवली. शेळ्या कोण बघणार?”

दोघी बहिणी मग एकमेकींना टेकून बसल्या, आणि थोड्याच वेळात तांदूळ कोणत्या जातीचा यावरून पुन्हा भांडायला लागल्या. परतताना थोरलीनं शेवग्याच्या शेंगांची एक जुडी मला दिली आणि एक अक्काला. अक्कानं गाडीत मला विचारलं, “मग? कोण गरीब?” मी म्हटलं, मला एका रविवारात ठरवता येत नाही. “तुझ्या साहेबाला येतं?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिला फार आनंद झाला.

पत्रकाच्या शेवटी शेऱ्यासाठी पाऊण पान कोरं असायचं. बहुतेक जण त्यात ‘सहकार्य चांगले’ असं लिहून मोकळे व्हायचे. मी जोडकागद लावून चार पानं लिहिली. कुणाचं जेवण कुणाच्या घरात धरलं जातं, शिळं आणि ताजं एकाच वजनात कसं बसतं, शहरातला माणूस विकत घेतो म्हणून जास्त खर्चिक दिसतो आणि खेड्यातला विकत घेत नाही म्हणून जास्त दरिद्री दिसतो, महिना बदलला की तेच घर कसं बदलतं, आणि बसची वेळ आमच्या कोणत्याच रकान्यात कशी नाही. गावाबद्दल लिहिताना हे गाव यादीतलं नाही, मी सुटीच्या दिवशी पाहिलं, हेही स्पष्ट लिहिलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

सुपरवायझरांनी ती पानं माझ्यासमोर वाचली. वाचताना एकदाही पेन्सिल उचलली नाही.

“शेरे कुणी वाचत नाही,” ते शेवटी म्हणाले. “मशीनमध्ये फक्त आकडे जातात.”

“माहीत आहे, सर.”

“मग लिहिलंत कशाला?”

“खरं आहे म्हणून.”

त्यांनी पानं ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी, डब्याच्या सुटीत, ते स्वतः टाइपरायटरपाशी बसून दोन बोटांनी टाइप करताना मला दिसले. माझा मराठी वळणाचा इंग्रजी मजकूर त्यांनी दुरुस्त केला, वर आपलं पत्र जोडलं आणि वरच्या ऑफिसला पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं, एका ओळीचं : प्रचलित नियमांनुसार कार्यवाही करावी. ते त्यांनी मला दाखवलं, फाइलला लावलं आणि पाहणीला जाणाऱ्या आम्हा सहाही जणांना बोलावून सांगितलं की यापुढे जेवणाचा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगळा विचारायचा, काल सकाळपासून, आणि हॉटेल हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हे कुणाकडून शिकायचं तेही सांगितलं. माझा नेमणुकीचा कागद त्या वेळी पहिल्यांदाच वेळेच्या आधी निघाला.

नियम काही मी बदलला नाही. तो बदलायला माझ्याहून मोठी माणसं लागतात आणि त्यांनाही वर्षं लागतात. पण पुढे कायम झाले, नव्या मुलामुलींना शिकवायला लागले, आणि त्यांना पहिल्या दिवशी माझं शून्य सांगायचे, माझ्या नावानिशी. मुलं हसायची. मी त्यांना हसू द्यायचे. कामाला निघाली की तीच मुलं दारात नीट बसायची, घाई करायची नाहीत, आणि त्यांनी आणलेल्या पत्रकांत माणसं खरंच जेवताना दिसायची. एखादं काम आपल्याला येतं, हे ज्या दिवशी कळतं त्या दिवसाइतका समाधानाचा दिवस मला दुसरा माहीत नाही.

कालव्यावरची ती वस्ती काही वर्षांनी मोडली. अक्का कुठे गेली ते मला बरेच दिवस कळलं नाही. नव्वदीच्या मध्यावर मी एका प्रशिक्षणासाठी गुम्मिडिपूंडीला गेले होते. कारखान्यांच्या वसाहतीच्या फाटकासमोर खाणावळींच्या टपऱ्यांची ओळ लागली होती. त्यातल्या एकीतून कुणीतरी मला मोठ्यानं हाक मारली. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच.

नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, तिनं सांगितलं. मोठी दहावी झाली, आत कारखान्यात औषधांच्या बाटल्या तपासते, तिच्या पाठोपाठ आपण इकडे आलो. धाकटी अजून शिकते आहे. थोरलीचं गाव इथून बसनं वीस मिनिटं. आता तासाला बस आहे. तीन मोठ्या पातेल्यांमधून वाफ येत होती. सगळं तिनं पहाटे स्वतः शिजवलेलं, आणि मदतीला थोरलीची ती शेळ्या राखणारी मुलगी होती, आता चांगली उंच झालेली.

“अजून तेच विचारत फिरतेस का लोकांना?” तिनं पान मांडत विचारलं.

“आता विचारायला शिकवते.”

“बरं करतेस. बस, जेवून घे. भोंगा झाला की हजार माणसं येतात, मग मला बोलायला सवड नाही.”

मी बसले. तिनं भात वाढला, त्यावर डाळ, बाजूला तळलेला मासा. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात भोंगा झाला आणि फाटकातून निळ्या कपड्यांतली माणसं लोंढ्यानं बाहेर पडली. अक्कानं पदर खोचला, पळी उचलली आणि त्यांच्याकडे वळली.